नुनावुत : स्वराज्य आणि तिजोरी



ऐन वैशाखात, पंख्याखाली बसून घाम पुसणाऱ्या श्रोत्यांपुढे ध्रुवप्रदेशाची कथा सांगायला उभे राहावे, हे थोडे चेष्टेचे वाटेल. परंतु आजचा विषय बर्फाचा नाही, पैशाचा आहे. आणि पैशाची टंचाई कोणत्याही हवामानात सारखीच बोचते. 'सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही,' असे आपण घरसंसाराविषयी म्हणतो. ते राज्यांनाही लागू पडते. स्वतःचा ध्वज असतो, विधिमंडळ असते, मुख्यमंत्री असतो. आणि तिजोरीची किल्ली मात्र दोन हजार किलोमीटर दूर दुसऱ्याच्या कनवटीला असते. अशा एका राज्याची हकीकत मला सांगायची आहे.

या राज्याचे नाव नुनावुत. इनुइट लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ 'आमची भूमी'. ज्यांना आपल्या शाळेतल्या भूगोलाने 'एस्किमो' म्हटले, ते हे इनुइट. ते जुने नाव त्यांना आवडत नाही, म्हणून आपणही ते सोडून द्यावे. १ एप्रिल १९९९ रोजी कॅनडाच्या ईशान्य टोकाचा प्रदेश वेगळा काढून हे राज्य निर्माण झाले. कॅनडाच्या घटनेत ते पूर्ण प्रांत नव्हे. त्याचा दर्जा केंद्राच्या कायद्याने ठरवलेला. क्षेत्रफळ सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या सहापटींहून अधिक. आणि लोकसंख्या? २०२१ च्या शिरगणतीत ती भरली ३६,८५८. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावातही याहून अधिक माणसे राहतात. गावे एकंदर पंचवीस. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता नाही, आणि दक्षिणेकडून येणाराही नाही. विमान, नाहीतर उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावर येणारे जहाज, एवढाच जगाशी संबंध.

या राज्याच्या उत्पन्नातील दर दहा डॉलरांपैकी सुमारे नऊ डॉलर ओटावाच्या केंद्र सरकारकडून येतात. हा आकडा ऐकताच पुष्कळांचा निकाल होऊन जातो. 'हे राज्य कसले? हा तर आश्रित!' असे कॅनडातही म्हणणारे आहेत. माझे म्हणणे असे, की हा निकाल घाईचा आहे. आश्रित माणूस पाहिला म्हणजे त्याला आश्रित कोणी केले, कधी केले आणि त्यात कोणाचा फायदा झाला, हे तीन प्रश्न इतिहासाने विचारायचे असतात. ते आपण क्रमाने विचारू.

पहिला प्रसंग साडेचारशे वर्षांपूर्वीचा. मार्टिन फ्रोबिशर नावाचा इंग्रज दर्यावर्दी १५७६ साली चीनचा मार्ग शोधत या किनाऱ्याला लागला. परतताना त्याच्या माणसांनी एक काळा दगड उचलून नेला. लंडनच्या पारख्यांपैकी एकाने त्यात सोने असल्याचे सांगितले, आणि दरबारापासून सराफ्यापर्यंत सर्वांना ताप चढला. खुद्द एलिझाबेथ राणीने त्यात पैसे गुंतवले. १५७८ साली पंधरा जहाजांचा काफिला निघाला आणि हजार टनांहून अधिक दगड खणून इंग्लंडात आणला. भट्ट्या पेटल्या, दगड वितळवला, आणि त्यातून काहीही निघाले नाही. पैसे घालणारा मायकेल लॉक दिवाळखोर होऊन तुरुंगात गेला. या मोहिमांत पकडून नेलेले चार इनुइट इंग्लंडात मरण पावले.

या प्रसंगाची एक पुरवणी आहे. १८६१ साली चार्ल्स हॉल नावाचा अमेरिकन प्रवासी त्या उपसागरात गेला. तेव्हा तेथील वृद्धांनी, फार पूर्वी गोरे लोक मोठ्या जहाजांतून आले होते आणि बेटावर खणत होते, ही हकीकत त्याला सांगितली. जवळजवळ तीनशे वर्षे ती तोंडी जपली गेली होती. हॉलने बेटावर जाऊन पाहिले, तो खणलेले चर तसेच होते. आज नुनावुतची राजधानी इकालुइत त्याच उपसागराच्या टोकाशी वसली आहे. बाहेरून कोणी यावे, जमिनीत काय आहे ते स्वतःच ठरवावे, उचलून न्यावे, आणि नफातोटा दूरच्या पेढीवर मांडावा, हा उत्तरेच्या अर्थव्यवहाराचा साचा त्या काळ्या दगडानेच घातला.

त्यानंतर आले देवमाशांचे शिकारी. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या आणि अमेरिकेच्या गलबतांनी हे समुद्र पिंजून काढले. दिव्यांना तेल हवे होते आणि युरोपातील स्त्रियांच्या कंबरपट्ट्यांना देवमाशाच्या तोंडातील लवचिक पट्ट्या हव्या होत्या. इनुइट या गलबतांवर कामाला लागले. त्याबद्दल बंदुका, सुया, चहा मिळू लागला. विसावे शतक उजाडताना देवमासे संपत आले, फॅशन पालटली, आणि गलबते गेली.

त्यांच्या जागी हडसन बे कंपनी आली. ईस्ट इंडिया कंपनीची गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. तिचीच ही उत्तरेकडची बहीण. १६७० साली इंग्लंडच्या राजाने सनद देऊन अर्ध्या खंडाचा व्यापार तिच्या पदरात टाकला होता. बॅफिन बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर तिची पहिली वखार १९११ साली पडली, आणि पुढील वीस वर्षांत अशा वखारी सर्वत्र झाल्या. कंपनीला हवा होता पांढरा कोल्हा. त्याच्या कातड्याला युरोप-अमेरिकेत मोठी किंमत येई. व्यवहाराची रीत आपल्याकडील कोणत्याही शेतकऱ्याला ओळखीची वाटेल. थंडीच्या तोंडाशी कंपनीने सापळे, काडतुसे, पीठ, चहा उधारीवर द्यायचा. हंगामानंतर कातडी आणून उधारी फेडायची. कातड्याचा भाव कंपनीने ठरवायचा आणि पिठाचाही कंपनीनेच.

त्यात एक बारकी परंतु फार महत्त्वाची गोष्ट आहे. सील मारला तर मांस खायला, चरबी दिव्याला आणि कातडे कपड्याला मिळते, घर चालते. कोल्हा मारला तर हातात फक्त उधारीची फेड पडते. म्हणजे पोटाची शिकार सोडून बाजाराची शिकार करायला लागल्यापासून माणसाचे पोट बाजारावर अवलंबून राहिले. शिवाय कोल्ह्यांची संख्या दर तीनचार वर्षांनी वाढते आणि पडते, हा निसर्गाचा फेरा वेगळाच. १९३० नंतरच्या मंदीत कातड्याचा भाव कोसळला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो पुन्हा असा बसला की उठलाच नाही. जे लोक हजारो वर्षे कोणाच्याही मदतीवाचून बर्फात राहिले होते, ते एका पिढीत उपाशी राहू लागले.

आता सरकारची पाळी आली. हे उपासमारीचे लोक कोणाचे? १९३० नंतर क्यूबेक प्रांत म्हणू लागला, केंद्राचे. केंद्र म्हणू लागले, प्रांताचे. मदतीचा खर्च कोणी सोसायचा, हा वाद कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९३९ साली न्यायालयाने निर्णय दिला, की घटनेतील 'इंडियन' या शब्दात इनुइटही येतात, सबब जबाबदारी केंद्राची. क्यूबेकमधील इनुइटांपुरता हा वाद होता. परंतु त्याचे स्वरूप पाहा. एका समाजाची राज्यकर्त्यांशी पहिली मोठी कायदेशीर ओळख झाली ती बिल कोणाच्या नावे फाडायचे या प्रश्नातून! या खटल्यात दोन्ही बाजूंना सरकारेच होती.

यानंतर सरकार आले ते सर्व बाजूंनी आले. माणसांची नावे कारकुनांना उच्चारता येईनात, म्हणून १९४१ पासून प्रत्येकाला क्रमांकाचा बिल्ला दिला गेला. युद्धात अमेरिकेने विमानतळ बांधले. आजची राजधानी १९४२ साली अशाच एका धावपट्टीभोवती जन्मली. १९५३ साली सरकारने क्यूबेकच्या उत्तरेतील इनुक्जुआक या गावची काही कुटुंबे उचलून सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेस, अगदी ध्रुवाजवळच्या बेटांवर नेऊन सोडली. १९५५ साली आणखी काही नेली. मिळून नव्वदच्या आसपास माणसे. शिकार भरपूर मिळेल, सरकारी मदतीची गरज उरणार नाही, आणि आवडले नाही तर दोन वर्षांनी परत आणू, असे सांगण्यात आले. तेथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्यच उगवत नव्हता, आणि दोन वर्षांनी परत नेणारे जहाज आलेच नाही. मदतखर्च वाचवणे हा एक हेतू होता; निर्जन बेटांवर कॅनडाची माणसे दिसावीत, हा दुसरा हेतूही होता असे पुढे चौकशी आयोगाने नोंदवले. १९९६ साली या कुटुंबांसाठी एक कोटी डॉलरांचा निधी दिला गेला, आणि सरकारने क्षमा मागितली ती २०१० साली.

१९५० आणि १९६० च्या दशकांत उरलेल्या लोकांनाही तंबू सोडून गावांत आणण्यात आले. मुलांसाठी शाळा होती, औषध होते, मुलांमागे भत्ता होता. परंतु हे सर्व मिळवायचे तर गावात राहणे भाग होते. बर्फावरची गाडी ओढणाऱ्या शेकडो कुत्र्यांना गोळ्या घालण्यात आल्या. आपल्याकडे शेतकऱ्याचे बैल मारून टाकावेत, तशी ती गोष्ट. बॅफिन प्रदेशातील या साऱ्या प्रकाराबद्दल केंद्र सरकारने २०१९ साली क्षमा मागितली. क्षमा उशिरा येते. तोपर्यंत व्यवस्था रुजलेली असते.

गावात आलेल्यांना कमाईचे एक साधन उरले होते : सीलचे कातडे. पोटासाठी मारलेल्या सीलचे कातडे विकून बंदुकीची गोळी, पेट्रोल आणि बर्फावर चालणाऱ्या मोटारीचे सुटे भाग घेता येत. मग अटलांटिक किनाऱ्यावर व्यापारी शिकारी सीलची पांढरी पिल्ले मारतात, याविरुद्ध युरोपात मोठी चळवळ झाली, आणि १९८३ साली युरोपीय समुदायाने त्या पिल्लांच्या कातड्यांची आयात बंद केली. इनुइट पिल्ले मारत नव्हते. ते मारत तो सीलही वेगळ्या जातीचा आणि वयात आलेला. कायद्याने त्यांना मनाई नव्हती. पण बाजार कायद्याचे कलम वाचून चालत नाही. सील म्हटले की गिऱ्हाईक पाठ फिरवू लागले आणि भाव मातीमोल झाला. दयेपोटी केलेल्या कायद्याने दूर कोठेतरी चुली विझल्या. आणि ज्यांच्या विझल्या त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे नुनावुतची मागणी कशासाठी होती हे कळते. भाव दुसऱ्याने ठरवावा, गाव दुसऱ्याने वसवावे, मदत दुसऱ्याने मोजावी, याला कंटाळलेल्या पिढीची ती मागणी होती. १९७१ साली इनुइटांची देशव्यापी संघटना उभी राहिली. जॉन अमागोआलिक हे तिच्या धुरीणांपैकी एक. ध्रुवाजवळ नेऊन सोडलेल्या कुटुंबांतलेच ते मूल, आणि लोक त्यांना नुनावुतचे जनक म्हणतात. १९८२ साली प्रदेश विभागण्यावर सार्वमत झाले, १९९३ साली करार झाला. बंदूक चालली नाही, कोणाचे रक्त सांडले नाही. वीस वर्षे टेबलाशी बसून नकाशे आणि कलमे यांची लढाई झाली.

करारात काय मिळाले? सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमिनीची मालकी, पैकी छत्तीस हजारांच्या आसपास चौरस किलोमीटरांत भूगर्भातील खनिजांसह. चौदा वर्षांत मिळून १ अब्ज १४ कोटी ८० लाख डॉलर. आणि वेगळे राज्य. त्याच्या बदल्यात उरलेल्या भूमीवरचा प्राचीन हक्क इनुइटांनी सोडला. जमिनीचा मोठा भाग, आणि त्याखालच्या संपत्तीचा कारभार, ओटावाकडेच राहिला.

१९९९ साली पॉल ओकालिक हे चौतिशीतले तरुण वकील पहिले मुख्यमंत्री झाले. विधिमंडळात पक्ष नाहीत. सभासद आपसांत बसून नेता आणि मंत्री निवडतात. ही पद्धत पाहून कोणालाही कौतुक वाटेल. पण खर्चाची वही उघडली, की कौतुक मावळते.

पंचवीस गावांना पंचवीस स्वतंत्र वीजकेंद्रे लागतात, कारण एका गावाची तार दुसऱ्या गावाला पोचत नाही. ती चालतात डिझेलवर, आणि वर्षभराचे डिझेल उन्हाळ्याच्या दोनतीन महिन्यांत जहाजाने आणून टाक्यांत भरावे लागते. सिमेंट, लाकूड, खिळा, काच, सर्व त्याच जहाजाने. एखादा भाग चुकून राहिला, तर घराचे काम पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबते. दूध, फळे, भाजी विमानाने येते. तिचा भाव दक्षिणेच्या दुप्पट-तिप्पट. घरे अपुरी, एकेका घरात तीन पिढ्या दाटीने राहतात. गंभीर दुखण्याचा रोगी विमानाने शेकडो मैल न्यावा लागतो. असे राज्य सदतीस हजार माणसांच्या करावर चालवायचे म्हटले, तर जगातील कोणत्या अर्थमंत्र्याला ते जमेल?

परंतु आवक कमी आहे, यापेक्षा मोठे दुखणे मला निराळेच वाटते. आलेला पैसा राज्यात थांबत नाही. तेल दक्षिणेचे, विमान दक्षिणेचे, बांधकामाचा ठेकेदार दक्षिणेचा. आणि कचेरीतील वरचा अधिकारीही बहुधा दक्षिणेचाच. फुटक्या रांजणात पाणी घालत राहावे तसे हे आहे. रांजण बुजवायचा तर खुर्च्यांवर तेथलीच माणसे बसली पाहिजेत, हे करार करणाऱ्यांनी ओळखले होते. लोकसंख्येत इनुइट पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास, तर सरकारी नोकऱ्यांतही त्यांचे प्रमाण तेवढेच असावे, असे कराराचे तेविसावे कलम सांगते. प्रत्यक्षात ते निम्म्याच्या आसपास येऊन अडकले, आणि तेही बहुतेक खालच्या जागांवर.

का अडकले? २००६ साली न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांनी याचा अहवाल दिला. त्यांचे निदान साधे होते : शाळा. चार मुलांपैकी एकच मूल माध्यमिक शिक्षण पुरे करीत होते. लहान वर्गांत मातृभाषा, मग एकदम सर्व इंग्रजी. मुलाच्या हाती एकही भाषा पक्की येत नाही. दोन्ही भाषांतून शेवटपर्यंत शिकवा, त्याला पैसा द्या, असे बर्जर यांनी सुचवले. मातृभाषेतून शिक्षणाचा वाद ज्यांनी घरात अनुभवला आहे, त्या आपणांस याचे मर्म सांगायला नको. पैसा आला नाही. त्याच वर्षी इनुइटांच्या संघटनेने करारभंगाबद्दल केंद्रावर एक अब्ज डॉलरांचा दावा लावला. २०१५ साली साडेपंचवीस कोटींच्या थोड्या वर तडजोड झाली, आणि त्यातील मोठा वाटा शिक्षण-प्रशिक्षणासाठी राखला गेला. म्हणजे जे पैसे वर्गात सुखाने पोचायचे, ते नऊ वर्षे कोर्टाची पायरी चढून पोचले.

आता कोणी म्हणेल, जमिनीत खनिजे आहेत, ती काढा! खाणींचाही अनुभव या भूमीला आहे. रँकिन इनलेट येथे निकेलची खाण १९५७ ते १९६२ अशी पाच वर्षे चालली आणि खाणीसाठी आणलेले लोक मागे राहिले. नानिसिविकची जस्त-शिशाची खाण १९७६ ते २००२ चालली. इनुइट कामगारांचे ठरवलेले प्रमाण तिने कधी गाठले नाही, आणि खाण मिटल्यावर तिच्यासाठी वसवलेले गावही मोडून टाकले गेले. अलीकडे सोन्याच्या आणि लोखंडाच्या नव्या खाणी निघाल्या आहेत. त्यांनी शेकडो लोकांना पगार दिला, हे नाकारता येत नाही. पण मेरी रिव्हरच्या लोखंडाच्या खाणीने रेल्वे घालून उत्पादन दुप्पट करायचे ठरवले, तेव्हा २०२१ च्या फेब्रुवारीत, कडाक्याच्या थंडीत, शिकाऱ्यांनी खाणीची धावपट्टी अडवून धरली. जहाजांच्या वर्दळीने शिंगाड्या देवमासा, ज्याला नार्व्हाल म्हणतात, तो पळून जाईल, ही त्यांची भीती. २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्राने ती योजना नाकारली. येथे राज्यापुढचा पेच स्पष्ट दिसतो : खाण नको म्हणावे तर तिजोरी रिकामी, हवी म्हणावे तर ताटातले अन्न धोक्यात. आणि केंद्राच्या मालकीच्या जमिनीवरील स्वामित्वधन जाणार ओटावाला! हा अखेरचा अन्याय दूर करण्याचा करार १८ जानेवारी २०२४ रोजी इकालुइत येथे झाला. त्यान्वये जमीन आणि खनिजे यांचा कारभार राज्याकडे सोपवण्यासाठी १ एप्रिल २०२७ ही तारीख ठरली. राज्यस्थापनेनंतर अठ्ठावीस वर्षांनी!

या काळोख्या चित्रात एक उजेडाची जागा आहे, ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. बॅफिन बेटावर किंगाइत नावाचे लहान गाव आहे. जेम्स ह्यूस्टन या चित्रकाराने तेथील लोकांचे कोरीव काम पाहिले, जपानात जाऊन ठशांची कला शिकून घेतली आणि ती तेथे आणली. १९५९ साली गावाने सहकारी संस्था काढली, आणि त्याच वर्षी दगडावर कोरलेल्या ठशांची चित्रे प्रथम विक्रीला आली. केनोजुआक आशेवाक या बाईंनी काढलेले घुबड १९७० साली कॅनडाच्या टपाल-तिकिटावर झळकले. सहकार हा शब्द आपल्याला नवा नाही. कोल्ह्याच्या धंद्यात आणि या धंद्यात फरक काय? माल दोन्ही दूरच्या बाजारातच विकला जातो. परंतु येथे वखार गावाची आहे. एवढ्या एका फरकाने माणूस कर्जदाराचा भागीदार होतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. नऊ डॉलर दुसऱ्याचे घेणाऱ्या राज्याला स्वराज्य म्हणावे काय?

१९९३ च्या करारातच एक वाक्यार्थ नमूद आहे : उत्तरेकडील द्वीपसमूहाच्या जलांवर कॅनडाचे जे सार्वभौमत्व आहे, त्याला इनुइटांच्या तेथील वास्तव्याचा आणि वापराचा आधार आहे. याचा अर्थ नीट घ्या. तेथे माणसे राहतात, म्हणून तो समुद्र कॅनडा आपला म्हणू शकतो. १९५३ साली माणसे उचलून नेली, तीही याच हिशोबात. मग ओटावाहून येणारा पैसा हा दानधर्म कसा? ज्याच्या वस्तीवर तुमच्या मालकीचा दाखला उभा आहे, त्याला दिलेले ते देणे आहे. पूर्वी नेलेल्या कातड्यांचे, मोडलेल्या वाटांचे आणि मारलेल्या कुत्र्यांचे तर ते आहेच.

तरी मी इनुइट मित्रांची बाजू घेऊन एवढ्यावर थांबणार नाही. देणे वसूल करणे निराळे आणि घर चालवणे निराळे. २०२७ नंतर खनिजांचा कारभार हाती आला, आणि तो चालवायला दक्षिणेहूनच माणसे आणावी लागली, तर फ्रोबिशरचा दगड नव्या जहाजात चढला एवढेच म्हणावे लागेल. म्हणून त्या राज्याचा खरा अर्थसंकल्प मला खाणीत दिसत नाही. तो शाळेच्या वर्गात आणि किंगाइतसारख्या गावच्या वखारीत दिसतो.

तीनशे वर्षे ज्या लोकांनी परक्यांच्या खड्ड्याची आठवण अचूक सांभाळली, ते आपल्या हिशोबाची वही सांभाळू शकणार नाहीत, असे मला वाटत नाही. वही मात्र त्यांच्या हातात आणि त्यांच्या भाषेत असली पाहिजे.